दुसऱ्याच्या देवाला दिलेले नाव

श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती, हा प्रश्न मराठी व्यासपीठांवर इतक्या वेळा विचारला गेला आहे की उत्तर श्रोत्यांनाही पाठ झाले आहे: विवेकाच्या कसोटीवर टिकते ती श्रद्धा, टिकत नाही ती अंधश्रद्धा. इंग्रजी वाचणारा माणूस या उत्तराला सुपरस्टिशन या शब्दाचा टेकू देतो. एवढा जुना शब्द, प्रत्येक कोशात त्याची व्याख्या, म्हणजे त्या नावाची वस्तूही जगात ठरलेली असणारच, असे तो गृहीत धरतो. हे गृहीत तपासावे असे देव मानणाऱ्यालाही वाटत नाही आणि न मानणाऱ्यालाही वाटत नाही. समोरच्याकडे बोट दाखवायला दोघांनाही तो शब्द हवाच असतो.

माझा दावा असा आहे. सुपरस्टिशन हा शब्द एखादी समजूत खरी की खोटी याचा निवाडा करण्यासाठी इतिहासात क्वचितच वापरला गेला. मान्य उपासना कुठे संपते आणि अमान्य कुठे सुरू होते, ती हद्द तो आखतो. आणि हद्द आखण्याचा अधिकार ज्याच्या हाती जातो त्याच्याबरोबर ती सरकते. म्हणून फसवणूक, मारहाण आणि बळी यांच्याविरुद्ध लढताना हा शब्द कुचकामी ठरतो. पुष्कळदा तो अपराध्याच्याच कामी येतो.

१. उगमाशी काय सापडते

लॅटिनमधले ‘सुपर’ म्हणजे आपले ‘उपरि’, आणि पुढच्या भागातला धातू म्हणजे आपला ‘स्था’. ही दोन्ही नाती भाषाशास्त्रात पक्की आहेत. त्यामुळे ‘सुपरस्तितिओ’चा शब्दशः अर्थ वर किंवा पलीकडे उभे राहणे असा होतो. पण कशाच्या पलीकडे? विद्वानांचे भांडण येथे सुरू होते. रोमन वक्ता सिसेरोने इ. स. पू. ४५ मध्ये देवांच्या स्वरूपावर संवाद लिहिला. त्यात स्टोइक पंथाचा बाल्बुस सांगतो की ‘सुपरस्तेस’ म्हणजे मागे उरणारा. आपली मुले आपल्यामागे उरावीत म्हणून जे दिवसचे दिवस प्रार्थना करीत आणि बळी देत बसत, त्यांना हे विशेषण चिकटले. चौथ्या शतकाच्या आरंभी लाक्टान्टियुस या ख्रिस्ती पंडिताने हे खोडून काढले आणि मृतांच्या स्मृतीची पूजा करणारे मागे उरलेले लोक, असा अर्थ लावला. विसाव्या शतकात एमिल बॅंव्हनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने तिसरी वाट धरली. सुपरस्तेसचा एक अर्थ साक्षीदार. तेव्हा सुपरस्तितिओ म्हणजे न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगण्याची शक्ती. प्लाउटसच्या नाटकांत, म्हणजे सिसेरोच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, हे विशेषण गुपित ओळखणाऱ्या माणसाला लावलेले आढळते, आणि तिथे ते शिवीसारखे वापरलेले नाही. मला ही तिसरी व्युत्पत्ती जास्त पटते.

मात्र कोणतीही घेतली तरी तिच्यात ‘खोटे’, ‘अडाणी’ किंवा ‘तर्कविसंगत’ असे काही निघत नाही. अपत्यांसाठी आळवणी निघते, पितर निघतात, भविष्यकथन निघते. रोमन राज्यात हे सारे अधिकृतपणेही चालत असे. पक्ष्यांवरून शकुन पाहणारे ऑगर हे राज्याने नेमलेले पुरोहित असत, आणि सिसेरो स्वतः त्यांच्या मंडळाचा सभासद होता. राज्याच्या कामासाठी पक्ष्यांचे उड्डाण पाहिले तर तो धर्म, ‘रेलिगिओ’. गल्लीतल्या ज्योतिष्याने चार नाण्यांसाठी तेच केले की सुपरस्तितिओ.

२. अतिरेकाची कसोटी का टिकत नाही

याला एक प्रतिष्ठित उत्तर आहे: फरक प्रमाणाचा आहे. धर्म माफक, सुपरस्टिशन म्हणजे अति. या मताचे मूळ ग्रीकांकडे सापडते. इ. स. पू. चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने माणसांचे नमुने रेखाटले, त्यांत दैवी शक्तींना भिणारा एक आहे. तो तोंडात लॉरेलचे पान धरून दिवस काढतो. वाटेत विझल हे मुंगसासारखे जनावर आडवे गेले की दुसरा कोणी पुढे जाईपर्यंत, किंवा आपण तीन दगड रस्त्यापलीकडे फेकेपर्यंत, पाऊल टाकत नाही. आपल्याकडच्या आडव्या मांजराचा हा तेवीसशे वर्षांपूर्वीचा भाऊबंद. पण थिओफ्रास्टसची थट्टा नीट वाचली तर दिसते की देवांची भीती त्याच्या शेजाऱ्यांनाही आहे. हा गडी ती जरा जास्तच मनावर घेतो एवढेच. प्लुटार्कने तर अशा भयग्रस्त माणसापेक्षा नास्तिक बरा म्हटले, आणि हा प्लुटार्क डेल्फीच्या मंदिराचा पुजारी होता.

या कसोटीचा पाया लाक्टान्टियुसनेच उखडला. मुलासाठी एकदा प्रार्थना करणे जर धर्म असेल, तर दहा वेळा करणे अधर्म कसे होईल, असा त्याचा सवाल. चांगली गोष्ट जास्त केल्याने वाईट होत नाही, आणि वाईट गोष्ट थोडी केल्याने चांगली होत नाही. तर्क बिनतोड आहे. पुढे त्याने काढलेला निष्कर्ष मात्र पाहण्यासारखा आहे: एका खऱ्या देवाची उपासना करतो तो धर्म, अनेक खोट्या देवांची करतो ते सुपरस्तितिओ. म्हणजे आमचा तो धर्म. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ‘अतिरेक’ हा शब्द परत आणला, पण लगेच खुलासा जोडला की अतिरेक म्हणजे जास्त भक्ती असा अर्थ घ्यायचा नाही. ज्याची करू नये त्याची, किंवा जशी करू नये तशी भक्ती केली की अतिरेक झाला. कशी करू नये हे कोण ठरवणार? चर्च.

३. सव्वादोनशे वर्षांत उलटलेला शब्द

माझ्या दाव्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा रोममध्येच मिळतो. इ. स. ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभारी होता. त्याच्यासमोर ख्रिस्ती म्हणवणाऱ्या माणसांचे खटले आले. खरे काय ते कळावे म्हणून त्याने दोन दासींना यातना देऊन विचारले, आणि सम्राट ट्राजनला कळवले की एका विकृत, बेसुमार सुपरस्तितिओपलीकडे आपल्याला काही सापडले नाही. इतिहासकार टॅसिटसने आणि चरित्रकार स्वेटोनियसने ख्रिस्ती पंथाला त्याच काळात हाच शब्द लावला. हे तिघे काही अडाणी नव्हते. त्या साम्राज्यातले ते सर्वांत सुशिक्षित लोक होते.

इ. स. ३४१ मध्ये सम्राट कॉन्स्टान्टियुसने कायदा काढला: सुपरस्तितिओ बंद, बळींचे वेड बंद. आता हा शब्द ज्युपिटरच्या देवळात चालणाऱ्या विधींना लागला होता, म्हणजे प्लिनी ज्याला धर्म म्हणत असे नेमके त्याला. मधल्या काळात ख्रिस्ती श्रद्धेबद्दल कोणता नवा पुरावा हाती आला होता? ज्युपिटर खोटा असल्याचे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले होते? सिंहासनावरचा माणूस बदलला होता, आणि शब्दाने निमूटपणे धनी बदलला.

४. इंग्रजीतली कारकीर्द

इंग्रजीने हा शब्द घेतला तो हा सगळा संसार घेऊनच. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, पौल अथेन्सच्या नागरिकांना उद्देशून बोलतो आणि त्यांना दैवी शक्तींना फार मानणारे म्हणतो. ग्रीक विशेषण थिओफ्रास्टसच्या माणसाला लावलेलेच. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात पौल अथेन्सकरांना फार सुपरस्टिशियस ठरवतो. विसाव्या शतकातल्या बहुतेक इंग्रजी आवृत्त्यांत तोच पौल, त्याच वाक्यात, त्यांना फार धार्मिक म्हणतो. शिवी की शाबासकी, हे मूळ शब्दाने सांगितलेले नाही. भाषांतरकारांच्या काळाने ठरवले.

१६११ चे भाषांतरकार प्रॉटेस्टंट होते, आणि त्या इंग्लंडात सुपरस्टिशनचा पहिला अर्थ भूतखेत असा नव्हता. तो होता रोमन कॅथलिक: जपमाळ, अवशेषपूजा, मृतांसाठी मिस्सा. ऑगस्ट १६४३ मध्ये पार्लमेंटने सुपरस्टिशन आणि मूर्तिपूजेची स्मारके नष्ट करण्याचा हुकूम काढला. विल्यम डाउसिंग नावाच्या गृहस्थाने तो अंगावर घेतला आणि सफक व केंब्रिजशायर भागांतल्या दोनशेहून अधिक चर्चमधल्या काचचित्रांची आणि देवदूतांच्या आकृत्यांची मोडतोड करून त्याची रोजनिशीही ठेवली.

त्याच काळात गोव्यात कॅथलिक इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशीचे न्यायालय, दुसऱ्यांच्या उपासना शोधून काढत होते. १५६० पासून ते तिथे होते. त्याच्या १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती घरांतून बंद करायच्या रीतींची मोठी यादी आहे: अंगणात तुळस लावायची नाही, एकादशी धरायची नाही, लग्नात हळद लावायची नाही, भातही मिठाशिवाय शिजवायचा नाही. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या ग्रंथात हा सगळा तपशील आहे. आता दोन्ही टोके एकत्र धरा. गोव्यातले पाद्री बिनमिठाच्या भातात जो दोष पाहत होते, तोच दोष इंग्लंडचे प्युरिटन, म्हणजे कडवे प्रॉटेस्टंट, त्या पाद्र्यांच्या संतांच्या अस्थींत पाहत होते.

हे सारे एका माणसाने स्वच्छ पाहिले होते. थॉमस हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये व्याख्या केली ती साधारण अशी: अदृश्य शक्तीची भीती जेव्हा राज्याने मान्य केलेल्या कथांवर पोसली जाते तेव्हा तिला धर्म म्हणतात, आणि अमान्य कथांवर पोसली जाते तेव्हा सुपरस्टिशन. त्याच्यावर नास्तिकतेचा ठपका आला यात नवल नाही. नंतर ह्यूम आणि व्होल्तेर या तत्त्वज्ञांनी याच शब्दाने पुरोहितशाहीवर वार केले, आणि त्यांच्या बाजूने माझी सहानुभूती आहे. पण हत्यार जुनेच होते. फक्त हात नवा होता.

५. कायद्याने ही व्याख्या आजमावून पाहिली

तत्त्वज्ञ व्याख्या करून मोकळे होतात. न्यायाधीशाला तिच्यावरून कोणाचे तरी पैसे द्यायचे किंवा काढून घ्यायचे असतात, म्हणून शब्दाचा कस न्यायालयात लागतो. इंग्लिश कायद्यात १५४७ पासून ‘सुपरस्टिशियस कारणांसाठी’ दिलेले दान ही एक वर्गवारीच तयार झाली. मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून ठेवलेला पैसा तिच्यात बसे. बिगरख्रिस्ती दानेही अशाच दृष्टीने पाहिली जात. १७५४ मध्ये एका ज्यू गृहस्थाने आपल्या धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी ठेवलेले १२०० पौंड न्यायालयाने त्या कामाला जाऊ दिले नाहीत. त्यांतला मोठा भाग लंडनच्या अनाथालयात ख्रिस्ती धर्मशिक्षणाकडे वळवण्यात आला. १९१९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मिस्सांसाठीची देणगी वैध ठरवली, तेव्हा कॅथलिकांच्या बाबतीतली ही कथा संपली. पौने चारशे वर्षे एकाच प्रार्थनेसाठीचे दान बेकायदा होते, मग ते कायदेशीर झाले. दरम्यान तिच्या परिणामकारकतेबद्दल न्यायालयाला नवे काहीही कळले नव्हते.

मुंबईत हाच प्रश्न पारशांच्या मुक्तादवरून आला. पितरांसाठी दरवर्षी होणाऱ्या या विधींकरता कायमचा ट्रस्ट करता येईल का? १८८७ च्या निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने नाही म्हटले. यात सार्वजनिक हित नाही, असे कारण दिले. वीसेक वर्षांनी न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी उलट निर्णय दिला. हेच दावर १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे, म्हणून मराठी माणसाला ते एकाच कारणाने आठवतात. मुक्तादच्या निकालात त्यांनी मांडलेले तत्त्व मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे: एखाद्या समाजाची तशी धारणा असेल तर धर्मनिरपेक्ष न्यायाधीशाने ती स्वीकारावी, तिचा निवाडा करायला बसू नये. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या खटल्यात, हे तत्त्व उचलून धरले.

आणि १९६१ मध्ये ते सैल झाले. अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी म्हटले की काही धार्मिक प्रथा केवळ सुपरस्टिशनमधून उगवलेल्या असू शकतात, आणि अशा बाहेरून चिकटलेल्या प्रथांना घटनेचे संरक्षण मिळेलच असे नाही. १९६६ मध्ये, स्वामिनारायण पंथाच्या मंदिरांत दलितांना प्रवेश नाकारणाऱ्यांची बाजू फेटाळताना, त्यांची भीती सुपरस्टिशन, अज्ञान आणि धर्माच्या गैरसमजातून आली आहे असे त्यांनी लिहिले. निकाल शंभर टक्के योग्य होता. पण त्याला टेकू चुकीचा होता. समजा उद्या कोणी निष्णात शास्त्र्याने सिद्ध केले की दलितांना बाहेर ठेवणे हीच त्या पंथाची शुद्ध, मूळ शिकवण आहे, तर? दार तेव्हाही उघडेच राहायला हवे. ते उघडते अस्पृश्यता बंद करणाऱ्या कलम १७ ने आणि मंदिरप्रवेशाच्या कायद्याने. प्रवेश नाकारणारा भाबडा आहे की विद्वान, याने काही फरक पडत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप भाषाशास्त्राचा. शब्दाचा इतिहास म्हणजे त्याचा आजचा अर्थ नाही. नाहीतर ‘पाव’ म्हणताना प्रत्येकाला पोर्तुगीज आठवायला हवेत. मान्य. म्हणूनच व्युत्पत्तीवर मी काहीच उभे केलेले नाही. मी वापर दाखवतो आहे, आणि तो अव्याहत आहे. आजचाच पाहा. गावातला देवऋषी धान्याचे दाणे टाकून दोष काढतो, ती अंधश्रद्धा. शहरातला वास्तुतज्ज्ञ संगणकावर नकाशा उघडून ईशान्येचा संडास हलवायला सांगतो, त्याला सल्ला म्हणतात आणि तो कार्ड देतो. आदिवासी पाड्यावरचा उतारा मागासलेपणाचा दाखला ठरतो. अग्निबाणाची प्रतिकृती प्रक्षेपणाआधी तिरुपतीच्या चरणी ठेवली जाते तेव्हा मात्र वैयक्तिक श्रद्धेचा आदर करायचा असतो. प्लिनीच्या काळी हद्द सम्राट आखत असे. आता ती शिक्षण, जात आणि उत्पन्न मिळून आखतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विज्ञानाने या शब्दाला काटेकोर अर्थ दिला आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. आठांपैकी सहा कबुतरांनी दाणा येण्याच्या क्षणी आपण जे करत होतो तेच पुन्हा पुन्हा करायला सुरुवात केली. एक गोल फिरू लागले, एक मान झटकू लागले. योगायोगाला कारण समजणे म्हणजे सुपरस्टिशन. पुढे १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी या निरीक्षणाचा वेगळा अर्थ लावला, तो वाद बाजूला ठेवू. ही व्याख्या स्वच्छ आहे, आणि मला ती आवडतेही. पण तिचा परिणाम काय होतो? तिच्या कक्षेत सगळेच येतात. धावफलकावर १११ लागला की एक पाय उचलून उभे राहणारे पंच डेव्हिड शेफर्ड येतात, ठरावीक पेनाने परीक्षा देणारा विद्यार्थी येतो. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने ट्रोब्रियांड बेटांवर पाहिले होते की खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खुल्या समुद्रात जाताना करतात. जिथे हातात काही नाही तिथे माणूस हे करतो. हे मानसशास्त्र झाले, आणि ते उपयोगी आहे. मात्र कोणाला थांबवायचे आणि कोणाला सोडून द्यायचे, हे त्याने कळत नाही; शेफर्ड आणि नरबळी देणारा मांत्रिक या व्याख्येत शेजारी शेजारी बसतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटणाऱ्या लोकांकडून येईल. शब्द काढून घेतला तर भोंदू मोकाट सुटतील, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले ते काम बिनबुडाचे ठरेल. उत्तर त्या कामातच आहे. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सूत्रात विरोध आहे तो शोषण आणि दिशाभूल करणाऱ्या अंधश्रद्धांना. ही विशेषणे तिथे शोभेसाठी आलेली नाहीत. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा मंजूर झाला. सगळे त्याला बोलताना अंधश्रद्धाविरोधी किंवा जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. त्याचे नाव मात्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांच्या प्रतिबंधाचे आणि समूळ उच्चाटनाचे आहे. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द त्या नावात नाही.

७. या कायद्याने काय शहाणपण दाखवले

विधेयकावरचा वाद वर्षानुवर्षे चालला, मसुदे बदलले, वारकऱ्यांच्या शंका आल्या. त्या ओढाताणीत नाव पातळ झाले अशी हळहळ काहींनी व्यक्त केली. मला वाटते, त्यामुळे कायदा घट्ट झाला. त्याची अनुसूची कृत्ये मोजते: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून पैसे उकळणे, गुप्तधनासाठी बळी, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे, एखाद्या व्यक्तीवर करणी करत असल्याचा आळ घेऊन तिचे जगणे मुश्कील करणे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. शेजारीच प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. देव आहे का, भूत आहे का, मंत्राने काही होते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर न देता हा कायदा चालतो. दावर यांचे तत्त्वही त्यात शाबूत राहते आणि १९६६ च्या निकालामागची न्यायबुद्धीही.

समजुतींवर वाद घालू नये असा याचा अर्थ नाही. शाळेत, घरात, वर्तमानपत्रात खुशाल घालावा. मंत्राने विष उतरते का हे तपासता येते आणि उतरत नाही हे सांगताही येते. त्यासाठी ‘चूक’ हा साधा शब्द पुरतो. तो सगळ्यांना सारखा लागतो: देवऋष्याला, वास्तुतज्ज्ञाला, पदवीधराला.

सुपरस्टिशन हा शब्द आणि त्याचे मराठी रूप वापरण्यात आणखी एक खोट आहे, आणि ती बातम्यांत रोज दिसते. ‘अंधश्रद्धेचा बळी’ या मथळ्यात मारणारा कोणीच नसतो. एक अमूर्त नाम हल्ला करते, आणि जी बाई डाकीण ठरवून ठेचली गेली तिचे घरदार अडाण्यांच्या यादीत जाते. तिच्या शेताच्या बांधावर कोणाचा डोळा होता, भगताला पैसे कोणी पोचवले, पोलीस पाटलाने कधी कळवले, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. बातमी लिहिणाऱ्यांना, आणि मोर्चाचे फलक रंगवणाऱ्यांनाही, माझी विनंती एवढीच: तो शब्द गाळा, आणि त्या जागी कोणी, कोणाला, काय केले आणि कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदला ते लिहा.